'सत्तेची बटीक' म्हणताना



निवडणुका आल्या की भाषणांत काही शब्द हमखास ऐकू येतात. त्यातला एक 'सत्तेची बटीक'. कधी वर्तमानपत्रं सत्तेची बटीक होतात, कधी पोलीस खातं, तर कधी एखादी स्वायत्त म्हणवणारी संस्था. बोलणारे सगळ्याच पक्षांचे असतात. आपल्या चळवळीतल्या पत्रकांतही हा शब्द सहज येऊन जातो. या अंकाच्या निमित्ताने त्याच्याकडे जरा थांबून पाहावं, असं मला वाटतं.

सत्ताधाऱ्यांपुढे लवणाऱ्यांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. चमचा, होयबा, लाळघोट्या, हुजऱ्या, खुशमस्कऱ्या, भाट. शिवाय थुंकी झेलणं, तळवे चाटणं, गोंडा घोळणं आहेच. लांगूलचालन म्हणजे तरी काय, शेपूट हलवणंच. यातले किती तरी शब्द जनावराकडून नाही तर राबणाऱ्या माणसाकडून घेतलेले आहेत. हुजऱ्या म्हणजे मालकाच्या हुजुरात सेवेला उभा असणारा नोकर. भाट म्हणजे वंशावळी आणि कवनं सांगून पोट भरणारा समाज. ज्यांचं पोटच दुसऱ्याच्या मर्जीवर होतं, त्यांच्या कामाची शिवी झाली.

आणि बटीक? बटीक म्हणजे दासी, विकत घेतलेली बाई. पेशवाईत बटकी आणि कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे. सरकारी कोठारांत, किल्ल्यांवर, श्रीमंतांच्या वाड्यांत त्या राबत. कष्टही मालकाचे आणि शरीरही मालकाचं. १८४३ साली कंपनी सरकारने कायदा करून गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. बटीक कायद्यातून गेली, भाषेत मात्र राहिली. आणि राहिली ती कोणासाठी? जो शिकलेला आहे, ज्याची नोकरी सुरक्षित आहे, जो स्वतःच्या लाभासाठी सत्तेपुढे वाकतो, त्याच्यासाठी! जिला 'नाही' म्हणायची मुभाच नव्हती तिचं नाव आपण त्याला देतो, ज्याला 'नाही' म्हणता येतं पण म्हणायचं नसतं. यात अपमान नेमका कोणाचा होतो?

हा केवळ शब्दांचा कीस नाही. एकट्या बायकांबरोबर काम करताना मी तालुक्याच्या कचेऱ्यांत बरीच बसलेली आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करायचा तर उत्पन्नाचा दाखला लागतो. त्यासाठी खेटे घालणारी बाई टेबलापुढे हात जोडून म्हणते, "साहेब, तुम्हीच आमचे मायबाप." ऐकणारे हसतात. "बघा, किती पुढेपुढे करते!" त्याच साहेबांच्या वाढदिवसाचा भलामोठा फलक एखादा ठेकेदार चौकात लावतो, त्याला मात्र लोक व्यवहारी म्हणतात. गोड बोलणं दोघांचंही. पण ठेकेदाराची स्तुती ही गुंतवणूक असते, पुढचं टेंडर त्याला दिसत असतं. बाईची स्तुती तिच्याकडून वसूल केली जाते. ती नाही दिली तर कागद टेबलावरून हलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक असतं.

सत्तेच्या जागी पोचलेल्या बाईचीही सुटका नाही. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि पंचायतींत एक तृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. २०११ मध्ये महाराष्ट्राने त्या निम्म्या केल्या. निवडून आलेल्या बाईला बाहुली म्हणायला, रबरी शिक्का म्हणायला गाव लगेच पुढे. तिच्या खुर्चीवर बसून कारभार हाकणाऱ्या नवऱ्याला मात्र 'सरपंचपती' म्हणतात, जणू ते एखादं पदच आहे.

कांशीराम यांनी १९८२ मध्ये, पुणे कराराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, 'चमचा युगा'वर पुस्तक लिहिलं. चमचा आपला आपण हलत नाही, तो हलवणारा कोणी तरी असतो, हे त्यांनी त्यात दाखवलं. आपल्या भाषेची गोम इथेच आहे. चमच्याला नावं डझनभर, पण स्तुती केल्याशिवाय कागदाला हात न लावणाऱ्याला झणझणीत असा एकही शब्द नाही. फार तर त्याला 'स्तुतिप्रिय' म्हणायचं, तेही जपून.

अंगणवाडी सेविकांचंच पाहा. मंत्र्यांच्या कार्यक्रमांना खुर्च्या भरायला आणि टाळ्या वाजवायला त्यांना नेलं जातं, तेव्हा त्या लाचार ठरतात. त्याच सेविका डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेल्या आणि सुमारे पन्नास दिवस हटल्या नाहीत. एकटीने मान खाली घालणाऱ्या बायका एकजुटीने उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांना कोणाचीही स्तुती करावी लागली नाही. तेव्हा बाईची लाचारी ही तिच्या स्वभावात नसते, तिच्या एकटेपणात असते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, 'बटीक' हा शब्द आपल्या पत्रकांतून, घोषणांतून काढून टाकू या. ज्याने सत्तेपुढे मान तुकवली त्याने काय केलं ते स्पष्ट सांगू या. होयबा म्हणू या, खुशामतखोर म्हणू या. गुलाम बाईच्या नावाने त्याला झोडपायची गरज नाही. दुसरी, महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणती सेवा किती दिवसांत द्यायची, आणि नाही मिळाली तर अपील कोणाकडे करायचं, हे कचेरीत फलकावर लावणं बंधनकारक आहे. पुढच्या वेळी कचेरीत जाल तेव्हा चारचौघी मिळून जा आणि तो फलक आधी शोधा. नसेल तर मागा. मुदत सांगणारा फलक समोर असला, की 'मायबाप' म्हणायची वेळ कमी येते.

तुमच्या भागात स्तुती उकळणाऱ्या साहेबासाठी काही शब्द असेल तर तो जरूर कळवा. पुढच्या अंकात छापू.