गृहस्थाची यंत्रविद्या : बुजणारी मोटार

बुजणारा घोडा आणि बुजणारी मोटार यांत एक मोठा भेद आहे. घोडा कशास बुजला हें त्यास विचारतां येत नाहीं. मोटारीस मात्र विचारतां येतें, आणि ती अंश व कला यांच्या भाषेंत नेमकें उत्तर देते. तें उत्तर कसें मिळवावें व कसें वाचावें, हा या महिन्याचा विषय होय.

विषय सुचला तो नाशिककडील एका वाचक गृहस्थांच्या पत्रावरून. त्यांचें एकत्र कुटुंब आहे. गाडी एक, चालविणारीं माणसें तीन. पावसाळ्यानंतर पुढील डाव्या चाकाचा टाय-रॉडचा सांधा झिजला म्हणून बदलला, आणि तेव्हांपासून गांवांत गरीब गाईसारखी चालणारी ती गाडी समृद्धि महामार्गावर ताशीं ८० किलोमीटरच्या वर गेली कीं अस्वस्थ होते. स्टिअरिंगला किंचित् हात लागतांच ती एकीकडे झेंपावते, सांवरावी तर दुसरीकडे. मागें बसलेल्या वृद्ध मातुःश्रींनीं त्या गाडींत पुन्हां पाऊल न ठेवण्याचें ठरविलें आहे. दोष आला आहे तो धाकट्या सूनबाईंच्या हातावर, कारण त्या दिवशीं गाडी त्या चालवीत होत्या. वडील बंधूंचें मत, गाडीच विकून टाकावी.

निवाडा करण्यापूर्वीं पुरावा पाहावा. घरांतील तिघांनींही त्याच सरळ रस्त्यावर, त्याच वेगानें, पाळीपाळीनें गाडी चालवून पाहावी. तिघांच्याही हातीं ती तशीच बुजली तर हाताचा दोष नाहीं. शिवाय पत्रांत एक वाक्य सहज येऊन गेलें आहे, तेंच मला सर्वांत महत्त्वाचें वाटतें : सांधा बदलला, पण त्यानंतर चाकांचे कोन तपासल्याचा उल्लेख कोठेंच नाहीं.

टाय-रॉड म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत पोंचविणारा दांडा. त्याच्या टोंकाचा सांधा आट्यांवर बसतो. लहान मोटारींत या आट्यांचा एक फेरा कमीजास्त झाला तर चाकाचें तोंड सुमारें अर्ध्या अंशानें फिरतें. कारागीर जुना सांधा काढतांना फेरे मोजून ठेवतो, हें खरें. पण नवा सांधा जुन्याच्या तंतोतंत लांबीचा असतोच असें नाहीं. म्हणून ती मोजणी गाडी कामशाळेपर्यंत नेण्यापुरती समजावी, महामार्गासाठीं नव्हे.

पंचांग पाहणाऱ्या घरांत १ अंशाच्या ६० कला हें सांगावयास नको. अर्धा अंश म्हणजे ३० कला. चालतांना ही चूक दोन्ही चाकांत वाटली जाते, म्हणजे प्रत्येकीं १५ कला. एवढासा कोन काय करणार, असें वाटेल. पण १५ कलांनीं बाहेर वळलेलें चाक आपल्या मनाप्रमाणें गेलें तर एका किलोमीटरांत चार मीटरांहून अधिक बाजूस जाईल. डावें डावीकडे, उजवें उजवीकडे. दोघांस जबरदस्तीनें सरळ नेलें जातें, आणि त्या ओढाताणींत टायर घासला जातो.

चाकांचीं पुढील तोंडें एकमेकांकडे वळलेलीं असतील तर त्यास टो-इन म्हणतात, परस्परांपासून दूर वळलेलीं असतील तर टो-आउट. टो-आउट असतां रस्त्यावरील एखाद्या सांध्यावर किंवा उंचवट्यावर ज्या चाकाची पकड क्षणभर वाढते तें गाडीला आपल्या बाजूस ओढतें. पुढच्या क्षणीं दुसऱ्याची पाळी. हेंच तें बुजणें. गांवांत तें जाणवत नाहीं. पण ताशीं १०० किलोमीटर वेगानें गाडी एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते, आणि हाताला सांवरण्यास अवधि उरत नाहीं. पुणें-मुंबई द्रुतगति महामार्ग २००२ सालीं पूर्ण झाला, ७०१ किलोमीटरांचा समृद्धि महामार्ग २०२५ च्या जूनमध्यें. जुन्या रस्त्यांवर वर्षानुवर्षें झांकून राहिला असता असा दोष या रस्त्यांवर तासाभरांत उघडा पडतो.

दुसरा कोन कॅस्टरचा. सायकलचा पुढील चिमटा तिरपा असतो. त्यामुळें वेगांत हात सोडले तरी चाक सरळ राहूं पाहतें. मोटारींतही चाक ज्या अक्षाभोंवतीं वळतें तो अक्ष वरच्या टोंकाशीं मागें कललेला असतो. हा कल कमी झाला तर वळणानंतर स्टिअरिंग आपण होऊन मध्यावर येत नाहीं, आणि सरळ रस्त्यावर गाडी पोकळ वाटते. तिसरा कोन कॅम्बरचा, म्हणजे चाकाचा माथा आंत वा बाहेर कलणें. त्याचा परिणाम मुख्यतः एका बाजूस ओढण्यांत व टायरची एक कड झिजण्यांत दिसतो. मागील चाकांचा टो मात्र विसरूं नये. तीं बाहेर वळलीं असतील तर गाडीचें शेंपूटच दिशा ठरवूं लागतें, आणि हा दोष पुढील दोषाहून अधिक धोक्याचा आहे.

आतां उपाय, आणि त्याचा क्रम. प्रथम सकाळीं, टायर थंड असतां, हवा भरावी. आंकडा चालकाच्या दाराजवळील पट्टीवर छापलेला असतो. मग टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवावा : एका दिशेनें गुळगुळीत व उलट दिशेनें करवतीसारखें लागलें तर टो बिघडला आहे. दोन्ही पुढील टायरांची आंतील कड झिजली असेल तर टो-आउटचा संशय बळकट होतो. नंतर कारागिराकडून चाक जॅकवर उचलवून घ्यावें व घड्याळांतील ३ आणि ९ यांच्या जागीं धरून हालवावें. खटखट आली तर टाय-रॉडचे सांधे पाहावे, १२ आणि ६ यांच्या जागीं आली तर बॉल-जॉइंट किंवा बेअरिंग. झिजलेल्या सांध्यांवर कोन बसविणें म्हणजे डुगडुगत्या चौरंगावर तराजू ठेवणें.

यानंतरच अलाइनमेंट. पुष्कळजण तें आणि बॅलन्सिंग एकच समजतात. वजनाचा तोल बिघडला तर ठराविक वेगास स्टिअरिंग थरथरतें. कोन बिघडले तर गाडी भरकटते. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाहीं. कामशाळेंत स्टिअरिंग मध्यावर बांधून, आधीं मागील चाकें मोजून, मग पुढील टो दोन्ही टाय-रॉडांवर सारखा बसवावा. एकाच बाजूस फिरविला तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वांकडें दिसेल. विजेच्या साह्यानें फिरणारें स्टिअरिंग असलेल्या कांहीं गाड्यांत कोनमापकाचा शून्यबिंदुही पुन्हां नोंदवावा लागतो.

कामापूर्वींचा व नंतरचा, असे दोन्ही छापील कागद मागून घ्यावे. रकाना हिरवा झाला एवढ्यावर समाधान मानूं नये. मर्यादेंत असूनही डावी बाजू एका टोंकाशीं व उजवी दुसऱ्या टोंकाशीं असूं शकते. आंकडे मध्याजवळ व दोन्हीकडे सारखे हवेत. प्रमाण मात्र त्या गाडीच्या कारखानदाराचेंच धरावें, कारण पुढील चाकांनीं ओढल्या जाणाऱ्या कांहीं गाड्यांत टो शून्य किंवा किंचित् बाहेरच सांगितलेला असतो. आणखी एक : बहुतेक लहान गाड्यांत फक्त पुढील टो बसवितां येतो. कॅस्टर, कॅम्बर किंवा मागील टो मर्यादेबाहेर असेल तर कांहींतरी वांकलें वा झिजलें आहे; तो भाग शोधून बदलणें हाच उपाय.

पत्रलेखक गृहस्थांस एवढेंच सुचवितों कीं, विक्रीचा विचार कोन तपासून होईपर्यंत तहकूब ठेवावा, आणि तोंवर गाडी महामार्गावर नेऊं नये. काम झाल्यावरची पहिली परीक्षा मोकळ्या रस्त्यावर, घरची मंडळी न घेतां, सूनबाईंनींच करावी. गाडीचें पूर्वीचें वागणें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणाच्या ध्यानांत राहिलें नसेल.

इतर वाचकांनीं नियम एवढाच ठेवावा : टाय-रॉड, खालचा आर्म किंवा स्ट्रट उघडला, अथवा चाक मोठ्या खड्ड्यांत आदळलें, कीं त्याच आठवड्यांत कोन तपासावे, एरवीं दर दहा हजार किलोमीटरांस. कागद गाडीच्या दप्तरांत तारखेसह ठेवावे. पुढें गाडी कधीं बुजली तर आधीं ते कागद काढावे. माणसांची चौकशी त्यानंतर.