'माणूस' कोण, हे हैतीच्या गुलामांनी ठरवलं

माणूस जन्मतः स्वतंत्र आणि समान आहे, असं १७८९ च्या फ्रेंच जाहीरनाम्यात लिहिलं आहे. पण त्याच फ्रान्सच्या हैती वसाहतीत सुमारे पाच लाख गुलाम ऊस-कॉफीच्या मळ्यांत राबत होते. ते माणूस नव्हते का?

१७९१ मध्ये गुलामांनी उठाव केला, तेव्हा कुठे १७९४ साली पॅरिसने गुलामगिरी रद्द केली. पुढे नेपोलियनने सैन्य पाठवलं. त्याला हरवून १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. १८२५ मध्ये फ्रान्सने मळेवाल्यांसाठी १५ कोटी फ्रँक भरपाई मागितली. राबणाऱ्यांना छदामही नाही!

मित्रांनो, रूसो, व्हॉल्टेअर जरूर वाचा. पण तुसाँ लूव्हर्त्यूर, देसालीन यांनाही वाचा. समता कागदावर लिहिणारे वेगळे होते, ती हिसकावून घेणारे वेगळे.