भजनी मंडळासाठी ॲम्प्लिफायर घेताना



या सदरात आपण नेहमी खते-बियाण्यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे, पण तोही तुमच्या घामाच्या पैशाचाच आहे.

गेल्या महिन्यात हुमणीच्या बंदोबस्ताविषयी सांगायला एका गावी गेलो होतो. देवळातली बैठक आटोपल्यावर मंडळाच्या पोरांनी वर्गणीतून आणलेला नवा ॲम्प्लिफायर हौसेने दाखवला. सातवीतली एक मुलगी अभंग म्हणायला उभी राहिली. आवाज घागरीतून यावा तसा. शब्द एक कळेना. मध्येच कर्कश शिट्टी वाजली, पोरे हसली, आणि मुलगी जी खाली बसली ती पुन्हा उठली नाही.

दोष तिच्या गळ्याचा नव्हता. पोरांनी आणलेले खोके गिटारचे होते. गिटारच्या ॲम्प्लिफायरचा कर्णा साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे बारीक आवाज फारसे देत नाही. गिटारला ते शोभते. पण 'स'सारखी अक्षरे बरीचशी त्या वरच्या भागात उमटतात. ती गेली की शब्द बोथट होतात. उसाचा नांगर भाजीच्या वाफ्यात घालावा, तसला हा प्रकार.

गाणे, पेटी आणि मुलांचा कीबोर्ड एकाच खोक्यावर चालवायचा असेल, तर कीबोर्डचा ॲम्प्लिफायर किंवा सभेसाठी वापरतात तसा साधा संच पाहा. त्यात खर्जासाठी मोठा आणि बारीक आवाजासाठी लहान, असे दोन कर्णे असावेत. निदान ३-४ जोडण्या हव्यात आणि प्रत्येकीला आवाजाची वेगळी कळ हवी. माइकची जोडणी निराळी, कीबोर्डची 'लाइन' निराळी. कीबोर्ड माइकच्या जागी खुपसला, तर आवाज फाटतो.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. वॅट दुप्पट झाले म्हणजे आवाज दुप्पट होत नाही, वाढ जेमतेम कळण्याइतकी होते. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दसपट वॅट लागतात. देवळाच्या ओवरीत सरावाला ३० ते ६० वॅट पुष्कळ झाले. पखवाज आणि टाळ यांना तर सरावात माइक लागतच नाही. ते आपले आपण गाजतात. माइक हवा तो गळ्याला आणि पेटीला.

शिट्टी का वाजते? कर्ण्यातला आवाज माइकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन कर्ण्यातून येतो, आणि तेच चक्र चालू राहते. म्हणून कर्णा गाणाऱ्याच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवा. माइक तोंडाजवळ धरा आणि जो वापरात नाही तो बंद ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे. शेतातल्या मोटारीला अर्थिंग लागते, तसेच यालाही लागते. तीन पिनांची पिन असेल, तर तिसरी मोडून दोन भोकांत बसवू नका. ओल्या फरशीवर उघड्या पायांनी उभा राहिलेला माणूस धातूचा माइक धरतो, हे लक्षात असू द्या. वीज जाण्याचा त्रास असेल, तर १२ व्होल्टच्या बॅटरीवरही चालणारा संच घ्या.

कायदाही माहीत असावा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि एरवीही लेखी परवानगी लागते. शेजारी कोणाचे लेकरू आजारी असते, कोणाची परीक्षा असते.

बैल घेताना आपण तो जुंपून पाहतो. तसेच दुकानात आपली पेटी, आपला कीबोर्ड आणि आपला गाणारा घेऊन जा. सगळे एकदम लावून पाहा. पक्की पावती घ्या, दुरुस्ती कुठे होते ते विचारा.

त्या मंडळाने खोके बदलून आणायचे ठरवले आहे. मी त्यांना एकच सांगितले: दुकानात जाताना त्या मुलीला सोबत न्या, आणि माइक सर्वांत आधी तिच्या हातात द्या.