ग्वेंडोलिनला कुणी शाप दिला नव्हता

माझी भाची नववीत आहे. उन्हाळ्याच्या सुटीत आमच्याकडे आली होती. दुपारभर मोबाईलवर काहीतरी वर सरकवत बसायची आणि मधेच ओढणीने डोळे पुसायची. विचारलं तर म्हणाली, "खाला, राजकन्येची गोष्ट आहे." राजकन्येच्या गोष्टीत रडण्यासारखं काय असतं, म्हणून मी मोबाईल हातात घेतला. रात्री दोनपर्यंत खाली ठेवला नाही.

त्या इंग्रजी चित्रकथेचं नाव 'कर्स्ड प्रिन्सेस क्लब', म्हणजे शापित राजकन्यांचं मंडळ. लॅम्बकॅट या टोपणनावाने ती लिहिली आणि चितारली गेली आहे. २०१९ पासून ती 'वेबटून'वर भागाभागाने येऊ लागली.

पेस्टल नावाच्या राज्यात राजाला तीन मुली आणि एक मुलगा. दोन मुली परीकथेत शोभाव्यात अशा देखण्या. धाकटी ग्वेंडोलिन मात्र तशी नाही. तिचा चेहरा जाणूनबुजून भेसूर वाटावा असा काढलेला आहे. पण ती प्रेमळ आहे आणि घरात सगळ्यांची लाडकी आहे. आपल्या दिसण्यात काही कमी आहे, हे तिच्या घरात तिला कधी कुणी जाणवू दिलेलं नाही. मग दोन राजे मिळून मुलांची लग्नं ठरवतात. तीन राजकन्या, तीन राजपुत्र. ग्वेंडोलिनच्या वाट्याला आलेला फ्रेडरिक भावांशी बोलताना तिला कुरूप म्हणतो. ते तिच्या कानावर पडतं. ती रात्री जंगलात पळून जाते आणि तिथे तिला शापित राजकन्यांचं हे मंडळ सापडतं.

मी इथे फक्त या सुरुवातीबद्दल बोलणार आहे. पुढचं ज्याने त्याने वाचावं.

कुरूप मुलीची गोष्ट म्हटली की आपल्याला वाटतं, तिला आपलं रूप आरशात दिसलं असेल आणि दुःख झालं असेल. इथे तसं नाही. संध्याकाळपर्यंत ती आनंदात होती. त्या रात्री तिच्या चेहऱ्यात काहीच बदललं नाही. एका मुलाने एक वाक्य उच्चारलं, एवढंच झालं. आणि मंडळात इतर राजकन्यांकडे आपापल्या शापाची कहाणी असताना हिच्याकडे सांगायला शापच नाही. ती आहे तशी आहे.

जुन्या परीकथांना असं माणूस ठेवायला जागा सापडत नाही. फ्रेंच लेखक शार्ल पेरो यांच्या १६९७ च्या संग्रहात रिके नावाच्या कुरूप राजपुत्राची गोष्ट आहे. त्यात दोन राजकन्या आहेत. थोरली सुंदर पण मंदबुद्धी, धाकटी कुरूप पण हुशार. मेजवानीत लोक आधी थोरलीभोवती जमतात आणि पाव तासात उठून धाकटीकडे येतात, कारण ऐकावं असं तिच्याकडेच असतं. पुढे रिके थोरलीला बुद्धी देतो, थोरलीच्या प्रेमाने रिकेला रूप मिळतं, लग्न होतं. आणि धाकटी? तिचं पुढे काय झालं, हे सांगायची लेखकाला गरजच वाटत नाही. कुरूप पुरुषाला नायिका मिळाली, रूपही मिळालं. कुरूप मुलगी गोष्टीतूनच नाहीशी झाली. सव्वातीनशे वर्षांनी ग्वेंडोलिनला वाचताना मला ती धाकटी आठवत होती.

आणखी एक गंमत पाहा. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बेढब, कुरूप बायका येतात. ग्रिमबंधूंनी मात्र त्यांना गोऱ्या आणि देखण्या म्हटलं आहे. काळं आहे ते त्यांचं मन. त्यांना कुरूप केलं ते पुढच्या रंगभूमीने आणि चित्रपटांनी. म्हणजे वाईट बाई देखणी असू शकते, एवढंही आपल्याला सहन झालं नाही. ही चित्रकथा मला आवडली ती यासाठीही की, ती उलटी चूक करत नाही. ग्वेंडोलिनच्या सुंदर बहिणी दुष्ट नाहीत, त्या तिच्यावर जीव टाकतात. रूपाचा आणि स्वभावाचा संबंधच लेखिकेने तोडला आहे.

यावर कुणी म्हणेल, सौंदर्य आवडणं माणसाच्या स्वभावातच आहे. असेल. पण आवडणं वेगळं आणि त्या आवडीने दुसऱ्याची किंमत ठरवणं वेगळं.

माझ्या खालाच्या मुलीला वीस वर्षांपूर्वी पाहायला आले होते. पाहुणे जेवले. बिर्याणीची तारीफ झाली, मुलीच्या शिक्षणाची झाली. निघताना पायरीवर चपला घालता घालता एकजण रंगावरून काहीतरी बोलला. हळूच बोलला, पण स्वयंपाकघराची खिडकी त्या पायरीवरच उघडते. ती आत भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही.

त्या माणसाला दोष देणं सोपं आहे. आम्ही काय केलं? दुसऱ्या दिवशी गोरं करणारं क्रीम आणलं. पुढच्या वेळी फिकट रंगाचा जोडा घालायला लावला. आमच्यापैकी एकानेही तिला सांगितलं नाही की, चूक त्या बोलणाऱ्याची होती. आम्ही ते वाक्य खरं मानलं आणि तिलाच दुरुस्त करायला निघालो. त्यानंतर कितीतरी निकाहांत ती फोटोच्या वेळी पोरांना सांभाळायच्या निमित्ताने बाजूला सरकताना मी पाहिली आहे.

म्हणून अशा गोष्टींतून मुलींना आत्मविश्वास मिळतो, असं कौतुक होतं तेव्हा मला ते अपुरं वाटतं. मुलीने आत्मविश्वास कमवायचा, मुलीने मनाला लावून घ्यायचं नाही, सगळी मेहनत पुन्हा तिचीच. या गोष्टीत सुधारायची गरज ग्वेंडोलिनला नव्हती, फ्रेडरिकला होती. पण असल्या गोष्टी आपण मुलींच्याच हाती देतो. राजकन्येची गोष्ट मुलांनी वाचायची नसते, हा समजही तितकाच जुना आहे.

भाची परत जायच्या आदल्या दिवशी तिचा मोठा भाऊ तिला न्यायला आला. अकरावीत आहे, मिसरूड फुटतंय. तिने त्याच्यापुढे मोबाईल धरला. चित्र पाहून तो हसला आणि म्हणाला, "ही राजकन्या?"

"हो," ती म्हणाली. "हसून झालं असेल तर पुढचं वाच."