डबा गुल? छे!

रेल्वेचा डबा म्हातारा झाला की पुढे काय? फंडा सिंपल: लिलाव, गॅस कटर, भंगार. काहींचं नशीब मात्र जोरावर! 2021 मध्ये मुंबईच्या सीएसएमटीला एका जुन्या डब्याचं चक्क रेस्तराँ झालं. झकास, पण चाकं थांबलेलीच.

पळती गाडी हवी? मग पुण्यात कोथरूडला जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम गाठा. भाऊसाहेब जोशींनी ते 1998 मध्ये सुरू केलं. इंजिनं, सिग्नल, फाटकं... अख्खं शहर टेबलावर!

आमच्या बुलडाण्यातल्या हिवरा आश्रमच्या पोरांना मात्र गाडी बघायलाही खामगाव-शेगाव गाठावं लागतं. तिथे रूळ पडतील तेव्हा पडतील. तोवर भंगारातला एखादा डबा वाचनालय म्हणून पाठवायला काय हरकत आहे, बॉस?