उमेदवारी

आमच्या फ्रिजवर कालनिर्णय टांगलेलं असतं. संकष्टी कधी, एकादशी कधी, एवढंच मी त्यात बघते. यंदा जुलैच्या पानावर पेन्सिलीने बारीक आकडे उमटायला लागले. १, २, ३. मला आधी वाटलं, कुणी गोळ्यांचा डोस मोजतंय. ते मावसबहिणीच्या मुलाचे बेकारीचे दिवस होते.

हा मुलगा मूळचा तासगावचा. इथे अमेरिकेत येऊन डेटा ॲनालिटिक्समध्ये एमएस केलं, मेमध्ये डिग्री घेतली आणि नोकरी मिळेपर्यंत म्हणून आमच्या बेसमेंटमध्ये राहायला आला. मेट्रोपार्क स्टेशन चालत गाठता येतं, न्यूयॉर्कची गाडी तिथूनच सुटते. न्यू जर्सीतल्या आमच्या आयसेलिनमधल्या कितीतरी घरांच्या बेसमेंटांत असा एखादा भाचा-पुतण्या सापडेल. शिक्षण संपल्यावर या मुलांना ओपीटी नावाच्या परवानगीवर बारा महिने काम करता येतं, शास्त्र-तंत्रज्ञानाची डिग्री असेल तर पुढे आणखी चोवीस. पण पहिल्या वर्षात सगळे मिळून ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहायचं नाही. कामाच्या परवान्याच्या कार्डावरच्या तारखेपासून मोजणी सुरू. म्हणून ती पेन्सिल.

अकराव्या दिवशी नोकरी लावून देणाऱ्या कन्सल्टन्सीचा पहिला फोन आला. मी भाजी निवडत होते, फोन स्पीकरवर होता. पलीकडचा माणूस हिंदीत अगदी लाघवी बोलत होता. ट्रेनिंग फुकट, गेस्ट हाऊस फुकट, प्रोफाइल आम्ही मार्केटिंगला टाकतो, तुम्ही फक्त इंटरव्ह्यू द्यायचा. तोही अवघड वाटला तर ‘सपोर्ट’ आहे. रेझ्युमेत तेवढी सात वर्षं दाखवावी लागतील. मुलगा चोवीस वर्षांचा. म्हणजे सतराव्या वर्षी तो एखाद्या बँकेत सीनिअर ॲनालिस्ट असायला हवा होता. तेव्हा तो बारावीची परीक्षा देत होता, आणि फिजिक्समध्ये किती पडले ते मला ठाऊक आहे.

“मावशी, सगळेच करतात,” तो म्हणाला. सगळेच करत नाहीत, पण करणारे या गावात कमी नाहीत हे मी कशाला नाकारू? अशी मुलं कामाची वाट बघत ‘बेंच’वर बसतात, मग कुठेतरी लागतात, आणि खोट्या सात वर्षांना शोभेल असं वागण्यात पुढची दोन वर्षं घालवतात. माहीत नसलेली गोष्ट कुणाला विचारायची सोय नाही, कारण सात वर्षांचा अनुभवी माणूस ते विचारत नाही. मला सगळ्यात वाईट वाटतं ते याचं.

पकडले जाण्याची भीती वेगळीच. क्रॅनफर्ड इथून गाडीने अर्ध्या तासाच्या आत. तिथे ‘युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्दर्न न्यू जर्सी’ नावाचं विद्यापीठ होतं. वर्ग नाहीत, शिक्षक नाहीत, पैसे भरले की व्हिसा टिकतो आणि कामाचा कागद मिळतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये कळलं की ते विद्यापीठ अमेरिकेच्या सरकारी तपासयंत्रणेनेच थाटलेलं होतं. २१ दलाल पकडले गेले आणि हजारावर परदेशी विद्यार्थ्यांचा व्हिसा अडचणीत आला. हे मी त्याला जेवताना सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “पण मग अनुभव आणायचा कुठून?”

प्रश्न खरा आहे. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. आपल्याकडे यावर एक जुना शब्द होता, उमेदवारी. आता तो निवडणुकीपुरता उरलाय. इंग्रजी अमदानीत मामलेदार कचेरीत पोरं बिनपगारी लेखन करत बसायची, जागा रिकामी होईल या उमेदीवर. म्हणून उमेदवार. त्या पद्धतीत पिळवणूक भरपूर होती, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण मीही उमेदवारी केलीय. सांगलीच्या चिंतामणराव कॉलेजातून बी.कॉम. झाल्यावर एका करसल्लागाराकडे चार महिने व्हाउचरवर नंबर टाकले. पगार शून्य, चहा दोनदा. पेटीकॅशमध्ये अकरा रुपये कमी पडले की घरी जायचं नाही, एवढं मात्र तिथे शिकले. आमच्या या भाच्याच्या धाकट्या भावाने तर परवा-परवा मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेतून पंचायत समितीत काम केलं. २०२४ ची योजना, पदवीधराला महिना १०,००० रुपये. मुदत संपल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथेही आहेच.

इथे आल्यावर मी पुन्हा उमेदवार झाले, तेही अकरा वर्षं. २००४ साली एच-४ वर आले. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरीची परवानगी नव्हती. ती आमच्यापैकी काहींना मिळाली २०१५ च्या मे महिन्यात. मधल्या काळात मी इथल्या मराठी मंडळाचे हिशेब लिहिले. गणपतीच्या जेवणाची चारशे पानं, त्यातली चेकने किती, रोख किती, कुणाची मुलं अर्ध्या दरात बसली. पहिल्या मुलाखतीला गेले तेव्हा अकरा वर्षांच्या रिकाम्या जागेबद्दल विचारलं गेलं. मी त्या हिशेबाच्या वह्या पिशवीतून काढून टेबलावर ठेवल्या. समोरची बाई वीस मिनिटं त्यातच गुंतली.

भाच्याने अशा बिनपगारी कामाबद्दल कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कचेरीत विचारलं, तेव्हा नीट कळलं. ओपीटीच्या पहिल्या वर्षात, अभ्यासक्रमाशी थेट संबंध असलेलं, आठवड्याला किमान वीस तासांचं काम बिनपगारी असलं तरी नोंदवता येतं, आणि तेवढे दिवस बेकारीत धरत नाहीत. पण नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत फुकट राबणं हे स्वयंसेवेत बसत नाही, कामगार कायदा आडवा येतो. त्यामुळे धर्मादाय संस्थाच बघावी. पुढच्या चोवीस महिन्यांसाठी मात्र पगार लागतोच. अकाउंट्सवाल्या मुलांना इथे आणखी एक वाट आहे. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देण्याचा इथल्या कर खात्याचा, म्हणजे आयआरएसचा, ‘व्हिटा’ कार्यक्रम असतो. आयआरएस स्वयंसेवकांना शिकवतं, परीक्षा घेतं, मग एप्रिलच्या मध्यापर्यंत खरी माणसं खरे कागद घेऊन समोर बसतात. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितलं नाही.

आमच्या मुलाला जवळचीच एक फूड पँट्री मिळाली. गरजू कुटुंबांना धान्य देणारी छोटी संस्था, चर्चच्या तळघरात. त्यांची नोंद तीन वेगवेगळ्या एक्सेल फाइलींत, एक फाइल तर कुणा निवृत्त बाईंच्या घरच्या कॉम्प्युटरवर. पहिले दोन आठवडे याने नुसती नावं जुळवली. एकच कुटुंब चार स्पेलिंगांनी. मग त्याच्या लक्षात आलं की दर गुरुवारी पाव उरतो आणि शनिवारी कमी पडतो. कारण शोधायला तो स्वतः गुरुवारी दारात उभा राहिला. गुरुवारचं वाटप दुपारी चारला बंद व्हायचं, आणि येणाऱ्यांची गोदामातली पाळी सुटते पाचला. वेळ साडेसहापर्यंत वाढवली, पाव उरायचा थांबला. मशीन लर्निंग वगैरे काही नाही, एक तक्ता आणि दारात उभं राहणं.

गेल्या आठवड्यात एका विमा कंपनीची मुलाखत झाली. तासातली पस्तीस मिनिटं पावावर गेली म्हणे. निकाल अजून आलेला नाही. कालनिर्णयावरचे आकडे मात्र ६ ऑगस्टला ३७ वर थांबलेत.

आपल्या मंडळांच्या, मराठी शाळांच्या, मंदिरांच्या खजिनदारांना माझी एक विनंती आहे. तुमच्याकडेही तीन एक्सेल फाइली असणार. एखाद्या मुलाला त्या द्या, आठवड्याचे वीस तास त्याच्यावर लक्ष ठेवा, आणि त्याने जे खरंच केलं तेवढंच लिहिलेलं पत्र सही करून त्याच्या हातात ठेवा.