फाऊलची उधळपट्टी, फ्री थ्रोचे दारिद्र्य

निलंगा : आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलमधील पराभवाची कारणमीमांसा करताना खेळाडूंची उंची, पंचांचे निर्णय आणि मैदानाची अवस्था ही तीन कारणे हमखास पुढे केली जातात. ती सर्वस्वी खोटी नसतात. मात्र, गुणपत्रकातील दोन रकान्यांकडे क्वचितच लक्ष दिले जाते. किती फाऊल केले आणि मिळालेल्या फ्री थ्रोपैकी किती वाया घालविले, याचा हिशेब तेथे नोंदलेला असतो. निसटत्या पराभवाचे कारण अनेकदा याच दोन रकान्यांत सापडते. त्याचा उंचीशी अथवा मैदानाशी फारसा संबंध नसतो.

प्रथम नियम पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना प्रत्येकी १० मिनिटांच्या चार सत्रांत खेळविला जातो. एखाद्या खेळाडूचे पाच फाऊल झाले, की त्याला सामन्याबाहेर जावे लागते. संघाचे एका सत्रात चार फाऊल झाल्यानंतर, बचाव करताना केलेल्या पाचव्या आणि त्यापुढील प्रत्येक फाऊलसाठी प्रतिस्पर्ध्याला दोन फ्री थ्रो बहाल होतात. म्हणजे सत्राच्या पहिल्या तीन-चार मिनिटांत उतावीळपणे फाऊल खर्ची घालणारा संघ उरलेला वेळ प्रतिस्पर्ध्याला गुणांची खिरापत वाटत असतो.

निलंगा परिसरातील खेळाडूंच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा मुलूख मूळचा कुस्तीचा. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार याच तालुक्यातील रामलिंग मुदगडचे. गावोगावी कबड्डी रुजलेली आहे. कुस्ती आणि कबड्डीत पकड हे कौशल्य मानले जाते. बास्केटबॉलमध्ये तोच फाऊल ठरतो. लहानपणापासून प्रतिस्पर्ध्याला हाताने अडविण्याची सवय लागलेल्या मुलाला पायांच्या हालचालीने अडवायला शिकविणे हे वेगळेच शिक्षण आहे आणि त्याला वेळ द्यावा लागतो. मोठ्या शहरातील संघाला चार फाऊल झालेला खेळाडू बाहेर बसवून तोडीचा दुसरा उतरविता येतो. तालुक्याच्या महाविद्यालयाकडे असा राखीव खेळाडू असेलच असे नाही. त्यामुळे तेथे एका खेळाडूचा पाचवा फाऊल म्हणजे अर्धा संघ गमावण्यासारखेच.

फ्री थ्रोची कथा याहून निराळी आहे. फलकापासून ४.६० मीटरवर रेषा, ३.०५ मीटर उंचीवर ४५ सेंटिमीटर व्यासाची रिंग आणि हाती पाच सेकंद. समोर अडविणारा कोणी नाही. चेंडूचा व्यास जेमतेम २४ सेंटिमीटर असल्याने रिंगमध्ये पुरेशी जागाही असते. खेळातील ही सर्वांत सोपी फेक वाटते. परंतु धावून दमलेला श्वास आणि हजारो डोळ्यांचे दडपण तिला अवघड करते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्पर्धांतही पुरुषांच्या यशस्वी फ्री थ्रोचे प्रमाण १९६० च्या दशकापासून सुमारे ६९ टक्क्यांवरच रेंगाळत राहिले. प्रशिक्षण, आहार आणि सुविधा बदलल्या; हा आकडा मात्र फारसा हलला नाही.

या दुर्लक्षाची किंमत किती मोठी असते, याचे उदाहरण म्हणजे मेम्फिस विद्यापीठाचा २००८ चा संघ. ३९ पैकी ३८ सामने जिंकून हा संघ अमेरिकेच्या महाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. त्याचे फ्री थ्रो साठ टक्क्यांच्या आसपास असल्याची टीका हंगामभर होत होती. पण संघ जिंकत असल्याने ती कोणी मनावर घेतली नाही. ७ एप्रिल २००८ रोजी कॅन्सासविरुद्ध दोन मिनिटांहून थोडा अधिक वेळ शिल्लक असताना मेम्फिसकडे नऊ गुणांची आघाडी होती. त्यानंतर अखेरच्या सव्वा मिनिटात पाचपैकी चार फ्री थ्रो हुकले. आघाडी तीन गुणांवर आली. त्या क्षणी मुद्दाम फाऊल करून कॅन्सासला दोनच फेकींवर रोखण्याचा मेम्फिसचा बेतही फसला. मारिओ चामर्सने तीन गुणांची फेक साधून बरोबरी केली आणि जादा वेळेत कॅन्सासने ७५-६८ असा विजय मिळविला. जो फाऊल करायला हवा होता तो झाला नाही आणि जे गुण हातात होते ते घेता आले नाहीत.

आपल्याकडील गणितही वेगळे नाही. एका सामन्यात २० फ्री थ्रो मिळाले असे धरू. निम्मे साधणारा संघ १० गुण मिळवितो, ७० टक्के साधणारा १४. हा चार गुणांचा फरक अटीतटीच्या सामन्याचा निकाल फिरवू शकतो. २०१७ मध्ये बंगळूर येथे भारतीय महिला संघाने आशिया चषकाच्या ‘ब’ विभागाचे विजेतेपद पटकाविले, तेव्हा कझाकस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्याचा गुणफलक होता ७५-७३. अंतर अवघ्या दोन गुणांचे, म्हणजे दोन फ्री थ्रोंचे.

हा केवळ हार-जितीचा प्रश्न नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची, तर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पुढे जावे लागते. तेथून आंतरविद्यापीठ स्पर्धेचा मार्ग खुला होतो. राज्याच्या शासकीय सेवेत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी वरच्या स्तरावरील कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. शेतकरी कुटुंबातून आलेल्या मुला-मुलींसाठी त्या प्रमाणपत्राचे मोल काय, हे वेगळे सांगायला नको. उपांत्य फेरीत हुकलेली एक फेक त्या वाटेवरचे दार बंद करू शकते.

दिलासा एवढाच, की या त्रुटीवरचा उपाय खर्चिक नाही. बंदिस्त क्रीडागृह किंवा लाकडी मैदान उभारणे तालुक्याच्या महाविद्यालयाला परवडणार नाही. फ्री थ्रोच्या सरावाला एक रिंग, एक चेंडू, मोजलेली रेषा आणि नोंदवही पुरते. सराव मात्र ताज्या दमाने करून भागत नाही. सामन्यात ही फेक थकलेल्या अवस्थेत घ्यावी लागते. म्हणून दिवसाच्या सरावाच्या शेवटी, धावणे संपल्यावर ती घेतली पाहिजे. प्रत्येकाच्या फेकी मोजून लिहिल्या पाहिजेत. सरावसामन्यांतही फाऊल काटेकोरपणे मोजले, तर पंचांची शिट्टी अन्याय वाटणार नाही.

यात लोकलज्जेचाही अडसर येतो. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले, तेव्हा दोन्ही हातांनी खालून चेंडू फेकून त्याने ३२ पैकी २८ फ्री थ्रो साधले होते. तरीही ही पद्धत बायकी दिसते, या संकोचापोटी त्याने ती पुढे सोडली आणि कारकिर्दीतील त्याचे प्रमाण ५१ टक्क्यांवरच थांबले. यश देणारी पद्धत केवळ हसू होईल म्हणून टाकण्याची चूक आपल्या खेळाडूंनी करू नये.

दहावी-बारावीच्या निकालांत ‘लातूर पॅटर्न’ने राज्यात नाव कमाविले, ते प्रश्नपत्रिका पुन:पुन्हा सोडवून घेण्याच्या बळावर. त्याच पॅटर्नच्या धाकाने मैदाने ओस पडली, ही तक्रारही जुनीच आहे. मग ती शिस्त मैदानावर का आणू नये? रोजची पन्नास फेकींची चाचणी, तिची नोंद आणि चुकांची दुरुस्ती, यात या जिल्ह्याला नवे काहीच नाही. महाविद्यालयांनी आणि क्रीडाशिक्षकांनी पुढील हंगामापूर्वी एवढे जरी मनावर घेतले, तरी उंचीची सबब सांगण्याची वेळ कमी येईल.